उन्हाची पावडर

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर माझ्याबद्दल तुमच्या मनात जो काही आदर उरलाय ना, तोही जाणार. जाऊ दे! माझी लायकीच ती आहे.

अंधेरीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. उजेडाने होणाऱ्या क्रिया हा माझा विषय. हवेतल्या धुराचं उन्हात काय काय होतं, हे पंचवीस वर्षं पोरांना घसा फोडून सांगतोय. त्याच उन्हावर चालणारी एक पावडर आम्ही बनवली होती. आम्ही म्हणजे काय, रेश्माने! दहिसरची मुलगी, माझ्याकडे पीएच.डी. करत होती. कारखान्यातल्या रंगीत पाण्यात पावडर टाकायची, बाटली गच्चीवर उन्हात ठेवायची, तासाभरात पाणी स्वच्छ. पावडरीच्या मदतीने ऊन रंग तोडतं, असं आमचं म्हणणं. तिचा अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता, आणि तो महिन्याभरात द्यायचा होता.

सुरुवातीला तिने मला तीनदा विचारलं होतं, "सर, एक बाटली अंधारात ठेवून बघूया का?"

"अगं, उन्हाचं काम आहे हे! अंधारात काय बघायचंय? उद्या म्हणशील, गॅस न पेटवता कुकर लावून बघूया!"

सगळी लॅब हसली. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल? मीच की!

तर कॉलेजात प्रदर्शन होतं. प्रमुख पाहुणे मरोळचे एक कारखानदार. अकराला येणार होते. मी शहाणा! वेळ वाचावा म्हणून निळ्या पाण्यात पावडर आधीच ढवळली आणि बाटली खोक्यात बंद करून ठेवली. पाहुणे आले की त्यांच्यासमोर उन्हात काढायची, असा बेत. पाहुणे उगवले एक वाजता.

"बघा मंडळी, ही निळीशार बाटली!" असं माइकवर ओरडून मी खोकं उघडलं.

पाणी नितळ! तळाशी निळा गाळ.

म्हणजे रंग तुटतबिटत नव्हताच हो. नुसता पावडरीला चिकटून खाली बसत होता. उन्हाचा काडीचा संबंध नव्हता.

"अरे वा!" पाहुणे म्हणाले. "हे उन्हाशिवायपण चालतं?"

"चालतं ना साहेब!"

कोण बोललं हे? मी! या तोंडाने!

"मग पावसाळ्यात तर झकासच!" पाहुणे खूश. टाळ्या काय, शाल काय, नारळ काय. प्रिन्सिपॉल मॅडमचे तर डोळे भरून आले. फक्त रेश्मा टाळ्या वाजवत नव्हती.

शाल काखेत मारून मी लॅबमध्ये आलो. "रेश्मा, वाट लागली गं आपली. रंग अंधारातही जातो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सर, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार?"

तिने प्रयोगांची वही आणली. दर शनिवारी ही वही वाचून मी सही करायची, असा नियम. वर्षभरापूर्वीचं पान उघडलं. स्वच्छ लिहिलं होतं : बाटली कपाटात, अंधारात ठेवली. रंग गेला. उन्हाची गरज दिसत नाही. बयेने मला न विचारता करून बघितलं होतं!

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सही केली होती ना, सर. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मुद्दाम दाबताय. तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

ऐकताय ना? वर्षभर ही मुलगी मला लबाड समजत होती. लबाड परवडला असता हो, त्याला निदान वाचता तरी येतं! आता तिला सगळं पहिल्यापासून करायचंय. चार वर्षं गेली तिची, आणि ती मी घालवली.

मी ते पान परत परत बघत होतो. खाली लाल शाईत माझी झोकदार सही, आणि सहीच्या वर माझाच शेरा : "छान. अक्षर सुधारावे."