पडला कसा, आणला कसा

आदाप्पा विषमज्वराने गेला, हे सांगलीहून आलेल्या पोस्टकार्डाने कळलं. मी वर्गात उभा होतो. कार्ड वाचून खिशात घातलं आणि मुलांना उरलेले पाढे म्हणायला लावले... त्याला आता पाच आठवडे झाले.

तो सांगलीच्या एका इस्पितळात जखमा बांधणारा ड्रेसर होता. कणा मोडलेल्या माणसांची खोली त्याच्याकडे असे. लढाईच्या दिवसांत माझा धाकटा भाऊ दत्तू चिंच झोडताना फांदीवरून पडला, तेव्हा आमची ओळख झाली. त्या खोलीत सगळे असेच. कुणी झाडावरून पडलेला, कुणी विहीर खणताना कोसळलेला, कुणी उसाच्या गाडीखाली सापडलेला. प्रत्येकाच्या माणसांना आदाप्पा दोन गोष्टी विचारी, पडला कसा आणि आणला कसा. आम्ही दत्तूला घोंगडीच्या झोळीत घालून, वेळूला टांगून मोटारीपर्यंत नेलं होतं आणि पुढे सांगलीपर्यंत बाकावर बसवून. पडल्यावर पाय हलत होते का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. खरं तर चिंचेखाली दत्तूने गुडघा जवळ घेतलेला मी पाहिला होता.

दत्तू चार महिने जगला. आदाप्पा त्याला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवी, पाठीला स्पिरिट चोळी, तरी पडून पडून झालेल्या जखमा हाडापर्यंत गेल्या. दत्तू गेल्यावर आदाप्पा माझ्याकडे गावी येऊ लागला. सुट्टीच्या दिवशी तो गावोगावच्या बाजारात उभा राहून सांगे, की पडलेल्याला दुमडू नका, घराचं दार काढा आणि त्यावर सरळ निजवून आणा. आमच्या शाळेचं दार काढून तो स्वतः त्यावर आडवा झाला होता. लोक हसले. मी मात्र तिथे थांबू शकलो नाही.

शेवटची भेट भाद्रपदात झाली. इस्पितळाच्या ओसरीवर मी त्याला गुडघ्याचं सगळं सांगून टाकलं. बँडेज गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला,

"मला ठावं हाय, मास्तर. दत्तूनंच सांगितलं, पयल्या दिवशी. झोळीत पाय गेलं म्हनला... पन दादाला कळू देऊ नका म्हनला."

त्याने बँडेज खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाजारात माझं कोन ऐकतंय? मी इस्पितळातला मानूस. तुमी सांगा."

दिवाळीनंतर येतो म्हणालो होतो. त्याआधीच तो गेला.

परवा म्हसवडच्या बाजारात एकटाच उभा राहिलो. माझ्या भावाला मीच घोंगडीत घातलं, इथून सुरुवात केली. या वेळी कुणी हसलं नाही. संपल्यावर एक म्हातारा पुढे आला.

"आमचं दार दोन फळ्यांचं हाय, मास्तर. एक फळी पुरंल का?"

पुरेल, मी म्हणालो, पण माणूस तिला नीट बांधावा लागेल. आणि कसा बांधायचा ते दाखवायला मी खाली बसलो.