वजूचं पाणी वाटलं होतं

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून मान खाली घालायला लावली आणि नाकाखाली काचेची छोटी बाटली धरली. डाव्या नाकपुडीतून थेंब पडू लागले, अगदी नितळ. त्यांनी ते तपासून घेतले आणि म्हणाले, "बाई, ही सर्दी नाही. सीएसएफ लीक आहे."

सीएसएफ म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी. ते माझ्या नाकातून गळत होतं.

त्याआधी मुंबईच्या याच रुग्णालयात माझ्या पिट्यूटरी ग्रंथीवरची गाठ काढली होती. ही ग्रंथी मेंदूच्या खाली, नाकाच्या मागे खोलवर असते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. डोकं न उघडता, मायक्रोस्कोपमधून बघत नाकावाटे गाठ काढायची, हे तेव्हा नवलच होतं. गाठ गेली, अंधुक झालेली नजर परत आली आणि आम्ही पेढे घेऊन भोरला परतलो. गाठ काढायला कवटीच्या तळाला पाडलेलं आणि मग बुजवलेलं भोक पुन्हा उघडलंय, हे कुणाला ठाऊक!

गफलत अशी झाली. नमाजाआधी वजू करताना आम्ही हात-तोंड धुतो, नाकात पाणी घेऊन नाक साफ करतो. नंतर सजद्यात कपाळ टेकलं की चटईवर थेंब पडायचे. मला वाटायचं, वजूचंच पाणी राहिलंय. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अम्मांना, सर्दी वाटली. त्यांनी ओव्याची धुरी दिली, काढे पाजले. शेवटी माझे रुमाल धुता धुता त्याच थबकल्या. "सर्दीचा रुमाल वाळला की कडक हुतो. ह्यो तर मऊच ऱ्हातोय. आन् रोज एकाच नाकपुडीतनं कसं गं?" दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेची एसटी धरली.

"भोक बुजवलं नाही तर मेनिंजायटिस होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या आवरणाला जंतू लागून येणारी ती सूज जीवही घेते. माझी लेक सलमा अजून धड बोलतही नव्हती. मी ढसाढसा रडले, तर नर्स धावत आली, "रडू नका, जोर पडतो!" घ्या, रडायचीही चोरी.

दुसऱ्या ऑपरेशनात माझ्या मांडीतली चरबी आणि फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचा चिवट पडदा, काढून नाकावाटेच त्या भोकाला लावला. आमचे हे शिवणकाम करायचे. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "ठिगाळ आतल्या अंगानं लावलं न्हवं?"

डॉक्टर हसले. "आतून लावलंय. आता ते धरलं पाहिजे."

ठिगळावर दाब नको म्हणून पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून तिथवर उतरणारं मेंदूभोवतीचं पाणी थोडं थोडं काढत होते. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, कुंथायचं नाही, चूल फुंकायची नाही, वाकायचं नाही. राग नाकाच्या शेंड्यावर असलेल्या बाईला नाक इतकं जपायला लावणं म्हणजे शिक्षाच.

घरी आल्यावर अम्मा मला चुलीपुढे फिरकू देईनात. मी पोरीला उचलायला वाकू नये म्हणून त्या स्वतः तिला माझ्या मांडीवर आणून ठेवायच्या. नमाज मी खाटेवर बसून, इशाऱ्यानं पढायची. मला चुटपुट लागे. अम्मा म्हणायच्या, "अल्लाला समदं दिसतंय."

तुमच्या घरात कुणाला असं ऑपरेशन झाल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर नाकातून नितळ पाणी येत असेल, विशेषतः एकाच बाजूनं, आणि वाकल्यावर वाढत असेल, तर काढ्यांत दिवस घालवू नका. मला वेळेत नेलं म्हणून आज हे लिहिते आहे.

पुढे डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली. पण मला धीरच होईना. चटई अंथरली आणि नुसतीच उभी राहिले. पुन्हा थेंब पडला तर? अम्मा शेजारी येऊन बसल्या. जिथं माझं नाक टेकणार, तिथं त्यांनी आपला तळहात उघडा ठेवला. "नमाज मागनं पढ. आदी नुसती वाकून बघ."

मी वाकले. कपाळ चटईवर, नाक त्यांच्या तळहातावर. हाताला लसणाचा वास येत होता. किती वेळ तशी राहिले कोण जाणे. उठले, तेव्हा अम्मांनी हात दाराच्या उजेडात धरला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपून पाहिला.

"कोरडा हाय," त्या म्हणाल्या, आणि तोच हात माझ्या डोक्यावर ठेवून लहान पोरीसारख्या रडल्या.