कांद्याच्या पापुद्र्यातला बुडबुडा

आता पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी आधी माझीच स्लाइड बिघडवतो. कांद्याच्या पापुद्र्यावर काच सपाट टाकली की आत हवा अडकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाड काळ्या काठाचा ठसठशीत गोल दिसतो. "हा बुडबुडा. पेशी नव्हे," मी सांगतो. "पहिल्यांदा बहुतेकांना हाच दिसतो. विद्यार्थी असताना मीही हाच काढला होता." वर्ग हसतो, पण मला हसतो.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात इचलकरंजीहून बसनं येणारी एक मुलगी होती. वडील कापड विणायच्या लूमवर कामाला. कॉलेजात पाऊल टाकणारी घरातली ती पहिलीच. तिनं तो गोल फार जीव लावून काढला होता. काठाची जाडीसुद्धा टिंबाटिंबांनी भरली होती आणि बाण काढून लिहिलं होतं, 'सेल वॉल'. मी तिची जर्नल उंच धरली. "अभिनंदन करा. हिनं हवेची पेशी शोधलीय!"

लॅब हसली. तीही हसली, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग जिन्यात मुलं हाका मारू लागली, "ए बुडबुडे, अजून फुटली न्हाईस व्हय?" मी ते ऐकलं होतं. पोरांची चेष्टा म्हणून पुढे निघून गेलो. ती मागच्या टेबलाला गेली आणि नंतर यायचीच बंद झाली. विद्यार्थी का गळतात यावरच्या बैठकीत प्राचार्यांनी तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "रोजचा प्रवास झेपला नसेल."

दिवाळीनंतर मी तिच्या घरी गेलो. ती लूमसाठी सुताच्या कांड्या भरत होती. शेजारच्या शेडच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागत होतं, आणि मला जे बोलायचं होतं ते ओरडून बोलण्यासारखं नव्हतं.

"परीक्षेचा फॉर्म अजून भरता येईल. परत ये. माझ्याही पहिल्या स्लाइडमध्ये बुडबुडाच होता."

तिचे हात थांबले. "मग तवाच सांगायचं की, सर. सगळ्यांम्होरं. मला वाटलं, मला एकटीलाच पेशी दिसत न्हाय."

"आता सांगतो. वर्गात सांगतो."

"आता नगं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

तिचे वडील स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "सुरवातीला घरात तुमचंच नाव असायचं, सर. आमचे सर असं म्हनले, तसं म्हनले. मग एकदम गप झाली. तिला कुनी काय बोललं व्हतं का हो?"

"मी बोललो होतो," मी म्हणालो.

स्टँडवर पोचल्यावर त्यांनी पुढे होऊन येणाऱ्या बसची पाटी वाचली. मग म्हणाले, "कोल्हापूरची आली. चढा, जागा मिळंल."