सलाईनवरची बाग

"आधी खा, मग संशय घ्या," असं म्हणून ती ताटली पुढं करायची. ताटलीत चार नानकटाया. समोरचा माणूस हात लांबवायच्या आत हमखास विचारायचा, "अंडं न्हाई ना?" हे तिला ठाऊक होतं, म्हणून तीच आधी बोलून घ्यायची.

गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणायचे. सरकारी दवाखान्यात नर्स होती, मूळची लोह्याकडची. नवरा वारलेला, मुलगी नांदेडला मामाकडं शिकायला. लातुरात आमच्या शेजारी एकटीच राहायची. मी नळाला पाणी सोडायच्या कामावर होतो. शिक्षण चौथी. गोड बोलता येत नाही, तेव्हा जसं झालं तसं सांगतो.

तिच्याकडं भट्टी नव्हती. जाड पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. पावसाळ्यात वाळू ओल धरायची, तर आधी अंगणात पसरून वाळवायची. थंडीत ज्वारीच्या पिठाची तीळ-गुळाची बिस्किटं करायची. भाजल्याचा वास आमच्या घरात यायचा, आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

तिच्या हातचं मी खात नव्हतो. अंड्याचं नुसतं निमित्त. तिच्या घरात बुद्धाची तसबीर होती, आणि गावाकडनं येताना मी जात संगं घेऊन आलो होतो. नानकटाई घ्यायचो, हाव, खातो म्हणायचो, आणि घरी येऊन कोनाड्यात ठेवून द्यायचो. सकाळी ती तिथं नसायची. उंदीर नेत असतील असं मला लई दिवस वाटलं. उंदीर नव्हता, आमची मालकीण होती, माझी बायको.

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब आले, पाट्या आल्या, जिपा आल्या. पाणी तेवढं आलं नाही. दोन वर्षं पावसानं दगा दिला. चार दिवसांआड अर्धा तास नळ. गल्लीतली तुळससुद्धा काडी झाली. आणि सिस्टरच्या अंगणात मेथी, टमाटे, कढीपत्ता, वर मोगऱ्याला कळ्या.

आता तुम्हीच सांगा, संशय कुणाला येणार नाही?

गल्लीला आला, पण तिचा नाही, माझा. "पाणीवाल्याची शेजारीण हाय, तिला काय कमी," असं बायका ओट्यावर बसून बोलायच्या. कुणीतरी अर्ज केला. आमच्या साहेबानं बोलावून सांगितलं, "आणखी एक तक्रार आली की घरी बसायचं." घरी बसून खाणार काय? शेत भाऊ कसायचा, आणि त्या साली तिथं ढेकळंच पिकली होती.

मी मनाशी ठरवलं, बाईनं चोरून पाइप जोडला आहे. तो आपणच धरून द्यायचा, म्हणजे नोकरी वाचंल.

गळती शोधायची आमची एक रीत आहे. लोखंडी गज जमिनीत रोवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं. खाली पाणी वाहत असेल तर सूं आवाज येतो. एक दिवस दुपारी तिच्या भिंतीलगत गज रोवून मी ओणवा झालो होतो. ती मागं येऊन उभी राहिली.

"काय ऐकून राहिले भाऊ?"

"गळती."

"मी बी लोकांच्या छातीला नळी लावून ऐकते. धडधड लागली का?"

"न्हाई."

"मग मेलेली दिसते जमीन," म्हणाली आणि आत गेली. मला राग आला. चोर असून मस्करी करते.

तिच्या नळाची चावी गल्लीच्या कोपऱ्यात, झाकणाखाली होती. मी ती बंद केली. लागोपाठ दोनदा सगळ्यांना पाणी सुटलं, तिला नाही. आठ दिवस. पाइप चोरीचा असेल तर बाग हिरवी राहील, नसेल तर वाळंल, असा माझा हिशेब. वाळली तर बाईनं प्यायचं काय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं असंल तर मी ते बाजूला सारलं.

बाग वाळली नाही. मी खुशीत जाऊन साहेबाला घेऊन आलो.

सिस्टरनं फाटक उघडून दिलं. प्रत्येक झाडाशेजारी काठी रोवलेली, काठीला सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगलेली, आणि नळीतनं थेंब थेंब पाणी मुळाशी. अंघोळीचं आणि तांदूळ धुतलेलं पाणी फडक्यातनं गाळून ती बाटल्या भरायची. "दवाखान्यात टाकून देतात त्या बाटल्या," म्हणाली. "पेशंट काय अन् मेथी काय, हळू दिलं की जगतं."

साहेब हसला. मग सहज विचारलं, "नळाला पाणी येतं ना बरोबर?"

शेजारणीची चावी मुद्दाम बंद केली एवढं कळलं असतं, तर अर्जाची गरजच नव्हती. सिस्टर माझ्याकडं बघत नव्हती. म्हणाली, "येतं की. भाऊ हायेत ना आमचे."

त्या दिवशी मी चावी खोलली. तिला काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. उलट नवा संशय धरला, हिनं मला का वाचवलं? हिला माझ्याकडनं काय पाहिजे?

पुढं पाऊस झाला. मी कधीतरी नानकटाई खायला लागलो. ती बदलीवर गेली, रिटायर झाली, लोह्याला घर बांधून राहिली. मी तसाच राहिलो.

आमची मालकीण गेली तेव्हा सिस्टर एसटीनं आली. केस सगळे पांढरे. भिंतीला टेकून बसली. चहा थंड झाला तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, त्या आठ दिवसांत चावी मीच बंद केली होती."

"ठाऊक हाय."

"मग साहेबाला सांगितलं का न्हाई?"

"वहिनी रोज एक घागर आणून द्यायच्या. तुम्ही कामावर गेले की. ज्या घरचं पाणी पिलं, त्या घरची चूल बंद करू का?"

चाळीस वर्षं संसार केला आणि बाई बोलली नाही. मेलेल्या बायकोचा राग येतो, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. "मला का न्हाई सांगितलं तिनं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही रांजणाला कुलूप लावलं असतं."

लावलं असतं. खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून जीव लागंना. मालकिणीबद्दल आणखी काय काय मला ठाऊक नाही, ते सिस्टरला विचारायचं होतं. गुडघ्यामुळं राहून गेलं. उन्हाळ्यात निघालो, लोह्याला उतरलो, विचारत विचारत घर काढलं. फाटकाशी एक मध्यम वयाची बाई आली. सिस्टरची मुलगी. म्हणाली, "आईला जाऊन महिना झाला. तुम्ही कोण?"

तिच्या मागं अंगण दिसत होतं. वांगी माना टाकून उभी, आळ्यांना भेगा.

"बादली कुठं हाय?" मी म्हटलं.

ती फाटक धरून तशीच उभी राहिली, वरपासून खालपर्यंत मला न्याहाळत. बरोबर होतं तिचं. मी बी आत घेतलं नसतं.