बाबांचा कान

आमचे बाबा फिटर होते आणि त्यांचं सगळं शिक्षण कानात होतं. पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात सोळा वर्षं काढली त्यांनी. तिथं त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणायचे. मशीन कुरकुरायला लागलं की बाबा स्क्रू पिळायचा हातभर लांबीचा पेचकस घ्यायचे, त्याचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. भोवती प्रेस इतक्या जोरात पत्रा ठोकत असायच्या की शेजारच्याला वेळ विचारायची तरी मनगटाकडे बोट दाखवावं लागे. त्या गदारोळातून बाबा नेमकं दुखणं हुडकून काढत. "डावीकडचं बेअरिंग गेलंय. फार तर आठ दिवस काढेल," असं म्हणायचे, आणि बेअरिंगही बिचारं शब्दाला जागायचं.

त्यांचा जोडीदार म्हणजे भोंगाकाका. त्या आवाजात आपलं बोलणं समोरच्यापर्यंत पोचवणारा तो एकच माणूस, म्हणून हे नाव. जेवणाच्या सुट्टीत बाबा, भोंगाकाका आणि आणखी दोघं असे चौघं डबे उघडून बसायचे. दिवसभर आवाजामुळे तोंड बंद असायचं, त्याची भरपाई त्या अर्ध्या तासात करायचे. मी शाळेतून कधी तिकडे गेले की मला मधे बसवून घ्यायचे. इतकं हसणाऱ्या बाबांना मी घरी कधीच पाहिलं नाही.

मग कारखान्याला कुलूप लागलं. बाकीचे तिघं जवळपासच्या दुसऱ्या कारखान्यात प्रेसवर लागले. बाबांना मात्र परदेशातल्या एका खोक्यांच्या कारखान्याचं बोलावणं आलं. आई म्हणाली, "पत्र्यातून निघून पुठ्ठ्यात चाललो." मी नऊ वर्षांची होते. मला विमानात बसायला मिळणार होतं, त्यामुळे माझी काही हरकत नव्हती.

चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. भिंती अशा पातळ की खालच्या बाई शिंकल्या की आम्ही इकडे दचकायचो. पहिल्याच आठवड्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्या बाई धावत वर आल्या. काहीतरी फुटणार असं त्यांना वाटलं होतं. तेव्हापासून आई कुकरपाशी पहारा द्यायची आणि शिट्टी वाजणार असं वाटलं की चिमट्याने उचलून वाफ सोडायची. घरात पायमोजे घालून चालायचं, खुर्ची ओढायची नाही, दार आपटायचं नाही. आई म्हणायची, "भाड्याने घर घेतलंय की चोरी करायला शिरलोय, तेच समजत नाही." मला हसू यायचं. आता कळतं की ती हे हसण्यासाठी म्हणत नव्हती.

बाबांच्या कारखान्यातही असाच कायदा होता. आत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकाने कानांवर लाल झाकणं चढवायची. प्रत्येक मशीनला एक पडदा होता, बिघाड झाला की तिथं पिवळा दिवा लागायचा. फिटरने दिवा बघायचा आणि कामाला लागायचं. बाबांना ते पटेचना. "दिवा लागतो तेव्हा रोगी गेलेला असतो," असं ते जेवताना म्हणायचे. दहाव्या दिवशी त्यांनी झाकण वर सरकवलं, पेचकस कानाला लावला, आणि चष्मेवाल्याने पाहिलं. चष्मेवाला म्हणजे त्यांचा साहेब. पहिली ताकीद मिळाली.

दुसरी तीन महिन्यांनी, आणि तिला मी हजर होते. बाबांना तिथली भाषा कामापुरतीच यायची आणि माझी शाळेत चांगली वळली होती. माझ्या शाळेच्या सुट्टीचा दिवस पाहून त्यांनी मला बरोबर नेलं. काचेची लहानशी खोली, टेबलावर नियमांचं जाडजूड पुस्तक, काचेपलीकडे पुठ्ठ्याच्या घड्या घालत सरकणारी मशीनं. चष्मेवाला वाईट नव्हता. मला बसायला खुर्ची दिली आणि मग हळूहळू, मला समजेल अशा बेताने बोलला.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"म्हणतोय की तिसऱ्यांदा दिसलं तर काम संपलं."

काम संपलं म्हणजे काय ते मलाही ठाऊक होतं. त्या कामावरच आमचा तिथं राहायचा परवाना होता. ते सुटलं की दोन महिन्यांत तिघांनी बॅगा भरायच्या आणि मागे जायचं, जिथं कारखान्याला कुलूप होतं आणि आमचं घर दुसऱ्याला दिलेलं होतं.

"त्याला सांग, मला बघून कळत नाही, ऐकून कळतं."

मी सांगितलं. चष्मेवाल्याने मान हलवली आणि तेच पुन्हा सांगितलं. वाक्य तेच होतं, फक्त आवाज आणखी मऊ केला होता. माझ्याच बापाला माझ्याच तोंडाने दटावून घेतल्याचा राग मला कितीतरी वर्षं पुरला. राग नक्की कुणावर, हे मात्र ठरवता आलं नाही.

त्या संध्याकाळी आईने बाबांना माझ्यासमोर उभं केलं. "अहो, हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा, ती झाकणं काढणार नाही म्हणून." बाबांनी हात ठेवला. तळहाताला ग्रीसचा वास होता आणि हात जड होता. "नाही काढणार," ते म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. पण घरात एक वेगळाच माणूस येऊन बसला. बोलेना, हसेना. तळघरात सगळ्या इमारतीची मिळून चार धुलाई यंत्रं होती. रविवारी आईच्या कपड्यांचं निमित्त करून ते तिथं जाऊन बसायचे आणि पेचकस लावून त्यांचं ऐकायचे. "कोपऱ्यातलं दमलंय," असं सांगत वर यायचे. खालच्या बाईंनी एकदा त्यांना यंत्राला बिलगलेलं पाहिलं आणि आमच्याकडे बघून हसायचं जे बंद केलं, ते पुढे महिनाभर. आईने कपाळावर हात मारून घेतला.

मग एक दिवस बाबा कामावरून आले ते शीळ घालत. आई दारातच थांबली. बूट काढता काढताच त्यांनी सांगायला सुरुवात केली. चार नंबरच्या डिंक लावायच्या मशीनचं काहीतरी बिनसलंय असं त्यांना दोन दिवस वाटत होतं, पण दिवा लागत नव्हता. कानावर झाकणं, डोक्यात लेकीची शपथ. शेवटी त्यांनी पेचकसाचं टोक मशीनला टेकवलं आणि मूठ दातात धरली.

"आणि?" आईने विचारलं.

"आणि सगळं ऐकू आलं की! हाडातून. कानापेक्षा स्वच्छ."

त्याच वेळी मागे चष्मेवाला उभा होता. त्याने बाबांना काचेच्या खोलीत नेलं आणि पुस्तक उघडलं. बाबा उभ्या उभ्या मनातल्या मनात बॅगा भरत होते. चष्मेवाल्याने पानं पुढे उलटली, मागे उलटली, चष्मा पुसला आणि परत पुढे उलटली. कानांचा नियम होता, डोळ्यांचा होता, हातांचा, पायांचा, केसांचासुद्धा होता. दातांचा नव्हता. पुस्तक मिटून तो म्हणाला, "नियम नाही. पण पाहुणे आले की करू नका."

चार नंबरचं बेअरिंग दुसऱ्या दिवशी उघडलं. फुटायच्या बेतात होतं. चष्मेवाला त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही, पण फिटरच्या यादीत बाबांचं नाव एक ओळ वर गेलं. आईने त्या दिवशी कुकरची शिट्टी होऊ दिली. चांगल्या तीन.

बाबांनी तिथं बावीस वर्षं काढली, दातात पेचकस आणि कानावर लाल झाकणं. पुढे भाषा आली, ओळखी झाल्या, खालच्या बाई आपला बिघडलेला मिक्सर घेऊन वर यायला लागल्या. पण ती दातांची गोष्ट बाबांनी तिथं कुणाला रंगवून सांगितली नाही. ती त्यांनी राखून ठेवली होती. "त्या तिघांना सांगेन. भोंग्याचा जबडा खाली पडेल," असं म्हणायचे. भोंगाकाकांचा वर्षातून दोनतीनदा फोन यायचा. एकटेच मोठ्याने बोलायचे, आमची खुशाली विचारायचे आणि उत्तर द्यायच्या आत ठेवून द्यायचे. आम्ही हसायचो. स्वभावच तसा, म्हणायचो.

निवृत्त झाल्यावर बाबा पहिल्यांदा परत गेले. आईचे गुडघे तिला साथ देत नव्हते, म्हणून मी बरोबर गेले. भोंगाकाकांच्या घरी बैठक जमली. पुढची खोली, एक पलंग, चार खुर्च्या, तिघंही आलेले. तिघांनी बाबांना मिठ्या मारल्या, पाठीवर थापा दिल्या. चहा झाला. मग बाबा पुढे सरकून बसले, मुठीत पेचकस धरल्यासारखा हात केला आणि गोष्ट सुरू केली.

पाच मिनिटांत मला कळलं. तिघंही बाबांच्या तोंडाकडे बघत होते, मान डोलावत होते, पण भलत्याच ठिकाणी. काकूंनी मला हळूच सांगितलं, "दहा वर्षं झाली गं. तिघांनाही काही ऐकू येत नाही. प्रेसवर गेले सगळ्यांचे कान." बाबांना ते केव्हा उमगलं कोण जाणे. त्यांनी गोष्ट अर्ध्यावर सोडली नाही. पुस्तक उलटणारा चष्मेवाला, पुसलेला चष्मा, सगळं साभिनय शेवटपर्यंत केलं आणि शेवटी स्वतःच हसले. बाबा हसले म्हणून ते तिघंही हसले, पूर्वीसारखे, अगदी पोट धरून.

बाहेर पडल्यावर बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"त्या चष्मेवाल्याला मी काय काय बोललो असेन गं," ते म्हणाले. "दरवर्षी कान तपासायचे तिथं. डॉक्टरीणबाई म्हणायची, विशीतल्या मुलासारखे आहेत." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "चौघं एका दिवशी कामाला लागलो होतो. माझे एकट्याचे राहिले. बावीस वर्षांचं साठवून आणलं होतं यांना सांगायला. आता कुणाला सांगू?"

"मला सांगा."

"तुला माहितीय सगळं."

"तरी सांगा," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुस्तक उलटायच्या जागी आल्यावर ते माझ्याकडे बघत थांबले, आणि मी विचारलं, "मग काय म्हणाला तो?"