नारळाचा मान

वाळूजच्या ज्या कंपनीत मी तेव्हा होते, तिथं गाड्यांच्या वायरी गुंफायची आमची लाइन. सगळ्या बायाच. खंडेनवमीला मशीनं पुसायची, झेंडूचे हार घालायचे आणि साहेबानं नारळ फोडायचा, अशी रीत. मी पुसायला सगळ्यांच्या पुढं आणि पूजेला सगळ्यांच्या मागं. आम्ही बौद्ध. आमच्या घरी नारळ फुटतो तो चटणीसाठी. लाइनीतल्या एकूणएक बाईला हे माहीत होतं. कुणी कधी बोललं नाही, आणि पेढा माझ्या हातावर यायचाच.

त्या वर्षी पुण्याहून नवा साहेब आलेला. माणूस भला, उगाच खोटं कशाला बोलू? केबिनमध्ये कमी, लाइनीवर जास्त. काम चुकलं तर ओरडायचा नाही, स्टूल ओढून शेजारी बसायचा आणि बघायचा. मी कंत्राटावर होते, नऊ वर्षं. कायम करण्यासाठी नाव वर पाठवायचं त्याच्याच हातात. म्हणून त्याच्यापुढं मी जीभ आवरून असायचे. एरवी माझी जीभ काय आहे, ते आमच्या गल्लीला विचारा.

पूजेला सगळ्या जमलो. साहेबानं माइक घेतला. "यंदा नारळ मी फोडणार नाही. या लाइनीत सगळ्यात चांगलं काम ज्यांचं, मान त्यांचा." आणि नारळ माझ्यापुढं धरला.

आगं माय! टाळ्या वाजायला लागल्या. शेजारच्या मशीनवरची कानात म्हणाली, "घे की. एक नारळ तर हाय. कायम व्हायच्यावर पाणी सोडती का?"

खोटं नव्हतं तिचं. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमचा दीक्षेचा दिवस; मला पांढरी साडी नेसून बुद्ध लेण्यांवर वंदनेला जायचं होतं. आज नारळ फोडला असता, तर तिथं कुणी मला जाब विचारला नसता. पण मला तर माहीत असतं ना!

"साहेब, माफ करा. मी पूजा करत नाय. आमच्यात नाय करत."

टाळ्या बंद. सुपरवायझर असे डोळे वटारून बघायला लागला, की मी मनात म्हटलं, संपलं बाई तुझं.

साहेबानं नारळ टेबलावर ठेवला. "ताई, माझं चुकलं. मी आधी विचारायला हवं होतं."

आणि हे माइकवर! साहेब लोक चुकतात हे मला काही नवीन नव्हतं. पण स्वतःच्या तोंडानं तसं म्हणतात, हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. तो पुढं म्हणाला, "अजून काय विचारायचं राहिलंय माझं?"

सहज बोलला असेल बिचारा. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मला कायम कधी करणार?"

त्याचा चेहराच उतरला. "तुम्ही कायम नाही? मला वाटलं..."

आता हबकायची पाळी माझी. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला एवढंसुद्धा माहीत नसावं? असा संताप आला! तो हळूच म्हणाला, "होईल असा शब्द देत नाही. पण हो की नाही, ते मी स्वतः येऊन सांगेन."

दिवाळीनंतर तो आला. मशीन सुरू करायच्या आधी, सकाळीच. "ताई, नाही झालं. मी भांडून पाहिलं. वरचे लोक कुणालाच कायम करत नाहीत, पुढंही करतील असं दिसत नाही."

इतकी वर्षं "बघू, बघू" ऐकलेलं. तोंडावर 'नाही' कुणी म्हटलं नव्हतं. मी लई बोलले, नको नको ते बोलले. तो ऐकत उभा. मग म्हणाला, "पलीकडच्या कंपनीत कायमची जागा निघालीय. मी तुमच्याबद्दल बोललोय तिथं. जा तुम्ही."

"म्हणजे हाकलताय मला? नारळ फोडला नाय म्हणून?"

"तुम्ही गेलात तर माझी लाइन बसेल, ताई. राहिलात तर फायदा माझा आहे, तुमचा नाही."

असं कोणता साहेब बोलतो? चांगली बाई कोण हातची घालवतो? मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडले.

महिनाभरानं मी पलीकडं रुजू झाले. कायम. इकडं जुनी लाइन बोंबलायला लागली. वरचे लोक आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "त्या बाईला जाऊ कुणी दिलं?"

जुन्या लाइनीतल्या शेजारचीनं मला फोनवर सांगितलं. साहेब म्हणे पुढं झाला आणि म्हणाला, "मी."