मागच्या पंखावरची रेघ

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. काल पुण्यात जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात एक बाई डोळे मिटून एका लांबलचक अमेरिकन गाडीच्या मागच्या पंखावरून, म्हणजे मागच्या दिव्याकडे उंचावत गेलेल्या पत्र्यावरून, तळहात फिरवत होत्या. "अगं, ओरडतील कुणीतरी!" नवरा म्हणाला. त्या हसल्या, पण हात काढला नाही.

माझी सहकारी हेलन असाच हात फिरवायची. डेट्रॉईटमधल्या मोटार कंपनीच्या आमच्या डिझाइन स्टुडिओत प्रत्येक गाडीचं मॉडेल आधी, गरम करून मऊ केलेल्या मातीत घडायचं, आणि मातीतला उंचवटा डोळ्यांआधी तळहाताला कळतो. पण बायकांनी फक्त सीटचं कापड आणि रंग निवडायचे, अशी तिथली रीत. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या मॉडेलवर प्रदर्शनातल्या याच गाडीच्या पंखाची ही रेघ ओढली. साहेब खूश झाले. "कुणाची ही?"

हेलन माझ्या कानात कुजबुजली, "तुझी म्हण. माझी म्हणालास तर खरवडून टाकतील. गाडी रस्त्यावर आली की खरं सांग."

गाडी रस्त्यावर आली. मला बढती मिळाली आणि मी गप्प राहिलो. ती निवृत्त होईपर्यंत कापडच निवडत राहिली.

गाडीवर कंपनीचं नाव असतं, हाताचं कुठेच नसतं. त्या आडोशाला मी आयुष्यभर उभा राहिलो.

बाई गेल्यावर मीही डोळे मिटून पंखावर हात ठेवला. उन्हाने पत्रा त्या मातीइतकाच कोमट झाला होता. "हेलन, रेघ तुझी होती. मला माफ कर," मी म्हणालो. ऐकायला ती होती, तेव्हा मात्र मी सीटच्या कापडाची तारीफ करत राहिलो.